खालच्या ओळीतले खेळाडू

“मॅम, मी खेळलो होतो की नव्हतो, एवढंच मला सांगा. भिंतीवर नाव नसलं तरी चालेल.”

फोनवर मिस्टर पिकेट होते. त्याआधी त्यांच्या दोन ईमेल येऊन गेल्या होत्या आणि दोन्हींना मी अतिशय नम्र आणि अतिशय निरुपयोगी उत्तरं दिली होती. आमच्या नोंदींत आपलं नाव आढळत नाही, आपण संपर्क साधलात त्याबद्दल आभार, वगैरे. अशी उत्तरं लिहिण्यात माझा हातखंडा आहे.

मी ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत डिजिटल अर्काइव्हिस्ट आहे. म्हणजे जुनी कागदपत्रं, फोटो, वह्या स्कॅन करायच्या, त्यातली माहिती कॉम्प्युटरवर शोधता येईल अशी मांडायची आणि मूळ कागद जपून ठेवायचे. राहायला ओहायोतल्याच डब्लिन गावात, कॅम्पस तिथून तासाभराच्या ड्राइव्हवर. नागपूरहून आले तेव्हा मी डेटाबेसची कामं करत होते. पुढे इथे लायब्ररी सायन्स शिकले आणि या नोकरीत रमले.

त्या वर्षी आमच्याकडे विद्यापीठाच्या बेसबॉल प्रोग्रामचा इतिहास तयार करायचं काम आलं. इथे कॉलेजच्या टीमला नुसतं टीम म्हणत नाहीत, प्रोग्राम म्हणतात. त्यात कोच, मैदान, माजी खेळाडू, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फुशारक्या, सगळंच आलं. मैदानाशेजारी एक नवी भिंत उभी राहत होती. विद्यापीठाकडून एक तरी मॅच खेळलेल्या प्रत्येकाचं नाव तिच्यावर कोरायचं होतं. एप्रिलच्या शेवटी जुन्या खेळाडूंचं रियुनियन होतं, तेव्हा तिच्यावरचा पडदा काढायचा होता. अलीकडच्या वर्षांची माहिती अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंटकडे कॉम्प्युटरवर तयार होती. त्याआधीच्या फक्त स्कोअरच्या वह्या होत्या. पेन्सिलीने भरलेल्या, कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. त्या माझ्या वाट्याला आल्या.

मला आनंदच झाला. स्कोअरबुक ही आमच्या घरची वस्तू. माझे बाबा नागपुरात क्लब क्रिकेटचे स्कोअरर होते. नोकरी वीज मंडळात, पण खरा जीव रविवारच्या त्या टेबलात, दोन टोकदार पेन्सिलींत आणि खोडरबरात. शेजारी बसून मी षटकातले बॉल मोजायचे. बाबा जेवायला उठले तर दोन-दोन षटकं मी एकटी लिहायचे. त्यामुळे बेसबॉलच्या वह्या समोर आल्यावर मला कोणी काही शिकवायची गरज आहे, असं मला अजिबात वाटलं नाही. चौकटी त्याच, खुणा वेगळ्या. खुणांचा तक्ता इंटरनेटवर मिळतो.

वह्या टाइप करायचं काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलं होतं. त्यांच्यासाठी सूचनांचा कागद मी लिहिला. त्यात एक सूचना होती: एका चौकटीत दोन नावं असतील तर फक्त वरचं घ्या, खालचा खेळाडू बदली आहे. ही सूचना लिहिताना माझा हात क्षणभरही अडखळला नाही.

टाइपिंग झालं. मी प्रत्येक मॅचच्या बेरजा तपासल्या. वहीतल्या धावा आणि डेटाबेसमधल्या धावा एकूण एक जुळल्या. मी यादीवर सही केली, यादी वेबसाइटवर लागली आणि तिची फाइल कोरीवकाम करणाऱ्याकडे जाण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात हा फोन.

“मी चौऱ्याऐंशीचा आहे,” मिस्टर पिकेट सांगत होते. “अलीकडे विसरतो. डॉक्टर म्हणतात, ही सुरुवात आहे. गेली साठ वर्षं मी घरात सांगत आलोय की मी युनिव्हर्सिटीकडून एक मॅच खेळलो. नातवाने तुमची यादी बघितली. आता मी ती गोष्ट काढली की सगळे समजूतदारपणे मान हलवतात. मॅम, ते मान हलवणं मला सोसत नाही. नसेन खेळलो तर तसं सांगा. म्हणजे त्या आठवणीवर फुली मारतो आणि बाकीच्या कितपत खऱ्या आहेत ते बघायला लागतो.”

मी त्यांना गुरुवारी बोलावलं आणि फोन ठेवला. मग डेबोराच्या केबिनमध्ये गेले. डेबोरा आमच्या विभागाची प्रमुख. तिला सगळे डेब म्हणतात.

“डेटाबेसमध्ये नाव नाही ना?” तिने विचारलं.

“नाही. तीनदा शोधलं.”

“त्यांनी मूळ वही बघायला मागितलीय?”

“नाही, पण त्यांना बोलावून मी दाखवणार काय? स्क्रीन?”

“वही काढ, मेधा. माणूस मुद्दाम येतोय तर वही समोर ठेव. नसेल नाव तर नसेल. पण ते त्यांच्या डोळ्यांना दिसू दे.”

डेब हे बोलली म्हणून पुढचं सगळं घडलं. माझ्या मनात त्यांना एक छापील प्रिंटआउट देऊन वाटेला लावायचं होतं, हे मी आज कबूल करते.

गुरुवारी मिस्टर पिकेट आले. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट. बरोबर मुलगी लिंडा, साधारण माझ्याच वयाची. रीडिंग रूमचे नियम मी सांगितले. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. खाणंपिणं नाही. पानं मी उलटणार. त्यांनी शाळेतल्या मुलासारखे हात मांडीवर ठेवले.

“मॅच कोणाशी होती, आठवतं का?” मी विचारलं.

“नाही. पण थंडी होती. सकाळी बर्फ पडलं होतं. सेकंड बेसवर फिल्डिंग करणाऱ्या ब्रॅडीचा घोटा मुरगळला आणि कोचने मला आत पाठवलं.”

लिंडाने माझ्याकडे बघितलं. तिला काय म्हणायचं होतं ते कळलं. बेसबॉल हा उन्हाळ्याकडे झुकलेला खेळ, त्यात बर्फ कुठून आलं?

ते ज्या वर्षांत शिकत होते त्या वर्षांच्या दोन वह्या होत्या. पहिली उघडली. पान उलटायचं, थांबायचं, ते चष्मा वर करून बघणार, मान हलवणार, पुढचं पान. तासभर गेला. पहिली वही संपली. नाव नव्हतं. लिंडाने हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “डॅड, आज एवढं पुरे करायचं का?”

“ती दुसरी राहिलीय,” ते म्हणाले.

दुसऱ्या वहीत अर्ध्याच्या आसपास मला ते दिसलं. ब्रॅडी या नावाखाली, बारीक अक्षरात, पिकेट. त्यांना काय सांगावं लागणार ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

“तुमचं नाव आहे,” मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं. “पण खालच्या ओळीत. म्हणजे तुम्ही बदली होतात. तुमची आठवण खोटी नाही. फक्त... ती मॅच खेळण्यात धरत नाहीत.”

लिंडाचे डोळे भरले. मिस्टर पिकेट मात्र माझ्याकडे नवलाने बघत होते.

“मॅम, हे तुम्ही कशावरून म्हणता?”

मग मी त्यांना क्रिकेट समजावून सांगितलं. आमच्याकडे अकरा जण खेळतात. एखाद्याला लागलं तर बारावा आत येतो. तो फिल्डिंग करतो, पण त्याला बॅटिंग नाही, बोलिंग नाही. त्याने कॅच घेतला तर स्कोअरर नुसतं ‘सब’ लिहितो. माझ्या बाबांच्या वहीत त्याला ओळ नसायची. मॅच खेळली ती अकरा जणांनीच.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “कठीण खेळ आहे,” म्हणाले. मग विचारलं, “पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाखवू का? पानाला लावत नाही.”

आणि त्या माणसाने मला बेसबॉल शिकवला. बेसबॉलमध्ये बदली खेळाडू हा पूर्ण खेळाडू. जो बाहेर गेला तो त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. त्याच्या जागी आलेला त्याच्याच क्रमाने बॅटिंग करतो, त्याच्या जागेवर फिल्डिंग करतो. म्हणून नाव त्याच चौकटीत खाली लिहितात, आणि तो कधी आला हे दाखवायला दोन इनिंगच्या मध्ये एक उभी रेघ मारतात; बेसबॉलमध्ये अशा छोट्या छोट्या नऊ इनिंग असतात. ती रेघ तिथे होती. सहाव्या इनिंगनंतर. मी ती शेकडो पानांवर पाहिली होती आणि स्कोअररचा हात घसरला असेल म्हणून सोडून दिली होती.

“रेघेच्या अलीकडे ब्रॅडी. पलीकडे मी,” ते म्हणाले. आठव्या इनिंगच्या चौकटीत लिहिलं होतं, ४-३. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक नंबर असतो. चार म्हणजे सेकंड बेस, तीन म्हणजे फर्स्ट बेस. “मी मारलेला बॉल त्यांच्या सेकंड बेसवाल्याने उचलला आणि फर्स्टला फेकला. आउट. हात असे झणझणले होते थंडीने की अजून आठवतात.”

समासात स्कोअररने पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते. मी ते वाचले आणि वही लिंडाकडे सरकवली. सकाळी बर्फ.

लिंडा उठून खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मिस्टर पिकेट मला म्हणाले, “प्रतिस्पर्ध्यांचं पान उलटा. नवव्या इनिंगमध्ये बघा.” तिथेही ४-३ होतं. “हा चार मी,” ते म्हणाले. “हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. आपल्याला नुसतं वाटतंय, की ते खरंच झालं होतं, हे माझं मलाच नक्की नव्हतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेरजा का जुळल्या होत्या ते आता लख्ख दिसत होतं. पिकेटची बॅटिंग मी ब्रॅडीच्या नावावर टाकली होती. सुजलेला घोटा घेऊन बाकावर बसलेला ब्रॅडी माझ्या डेटाबेसमध्ये आठव्या इनिंगला खुशाल बॅट फिरवत होता. आणि हे एका मॅचपुरतं नव्हतं. जे कधी सुरुवातीपासून खेळले, त्यांचं नाव कुठे ना कुठे वरच्या ओळीत आलंच होतं. यादीतून पुसले गेले होते ते फक्त खालच्या ओळीतले, ज्यांना अख्ख्या कॉलेजात तेवढी एकच संधी मिळाली होती.

फाइल सोमवारी कोरायला जाणार होती. मी डेबला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “रिकला तू सांगतेस की मी सांगू?”

“मीच सांगते.”

रिक म्हणजे अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंटमधला, भिंतीचं काम बघणारा अधिकारी. एके काळचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बॉल टाकणारा. त्याच्या ऑफिसात मी उभीच राहिले.

“किती नावं?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. सगळ्या वह्या परत बघाव्या लागतील.”

“एजन्सीने घोळ घातला ना? त्यांच्याकडूनच करून घेऊ परत.”

खरं सांगते, तो एक क्षण मोह झाला. एजन्सी दूर होती, तिची माणसं मला कधी भेटलीही नव्हती. मान डोलावली असती तर माझ्यावरचं निभावून गेलं असतं.

“एजन्सीने मी लिहून दिलं तेच केलं. सूचना माझी होती. चूक माझी.”

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. “तू बेसबॉल कधी बघितलाच नाहीस का?”

“माझी मुलगी हायस्कूलमध्ये चार वर्षं सॉफ्टबॉल खेळली. प्रत्येक मॅचला जाऊन बसायचे.”

“मग?”

“पुस्तक वाचायचे.”

त्याने डोळे मिटून नाकाची चिमूट धरली. मग कॅलेंडरकडे बघितलं. “पुढचा शुक्रवार. त्यापुढे एक दिवस नाही. कोरणाऱ्याशी मी बोलतो.” मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाला, “तू येऊन सांगितलंस ते बरं केलंस. रियुनियनला कोणीतरी बायकोमुलांना घेऊन येतं आणि भिंतीवर नाव शोधत राहतं, ते मला बघवलं नसतं.” त्या माणसाने माझं नाव कुठेही खराब केलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. त्याचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

घरी जेवताना मी नवऱ्याला, मिलिंदला, आणि मुलीला, तन्वीला, सगळं सांगितलं. मिलिंदने डोक्याला हात लावला. तन्वी खातखात थांबली.

“आई, सिरियसली? सोफोमोर इयरला, दहावीत, मी सगळ्या मॅचेस सब म्हणूनच खेळले.”

“तू बॅटिंग करायचीस?”

“यू वेअर देअर! शाल घेऊन बसली होतीस!” मग तिलाच हसू आलं. “यू कुड हॅव जस्ट आस्क्ड मी.”

हे खरं होतं. विचारायचं माणूस घरात, माझ्याच टेबलावर वरणभात खात होतं. पण स्कोअररच्या मुलीने विचारायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी सूचनांचा कागद दुरुस्त केला, मग वह्या काढल्या. दहाच्या सुमारास लिंडा वडिलांना घेऊन दारात. “ते ऐकतच नाहीत. म्हणतात, तुम्हाला एकटीला ती अक्षरं लागायची नाहीत.” डेबने तिथल्या तिथे त्यांना व्हॉलंटियरचा बॅज करून दिला. तो त्यांनी शर्टाच्या खिशाला इतका सरळ लावला की मलाही माझा नीट करावासा वाटला.

पुढचे काही दिवस आम्ही दोघं त्या टेबलाशी बसलो. मी पान उलटायचे, ते खालची ओळ वाचायचे, मी टाइप करायचे. रोज सकाळी ते माझं नाव विचारायचे. कधी एकच प्रश्न दोनदा यायचा. एकदा मला लिंडा म्हणाले. पण पुसट पेन्सिलीतली साठ वर्षांपूर्वीची खूण त्यांना एका नजरेत कळायची. अकरा वाजता कॉरिडॉरमध्ये बसून आम्ही माझ्या थर्मासमधला आल्याचा चहा प्यायचो. मी चिवडा नेला तर त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायचे आणि बाकीचा डबा सभ्यपणे माझ्याकडे सरकवायचे.

एका पानावर मी अडले. एक जण फक्त दुसऱ्याच्या जागी धावायला आला होता. बॅटिंग नाही, फिल्डिंग नाही, नुसतं धावणं. क्रिकेटमध्ये असा रनर असायचा, आणि धावा त्याच्या नावावर नसायच्या. मी म्हटलं, “याला धरायचं का?”

“त्याचे पाय मैदानावर होते ना?” मिस्टर पिकेट म्हणाले.

धरला.

एक-एक नाव वर येत होतं. एखादं त्यांच्या ओळखीचं निघालं की त्या मुलाबद्दल एखादी गोष्ट सांगायचे. हा बसमध्ये कायम झोपायचा. याने माझे मोजे उसने नेले ते परत दिले नाहीत. शुक्रवारच्या आदल्या दुपारी शेवटची वही मिटली आणि माझा जीव भांड्यात पडला. यादी रिककडे पाठवली. एक दिवस आधी.

रियुनियनला मिलिंद आणि तन्वीही आले. ऊन होतं, पण वारा बोचरा. पडदा निघाला तशी माणसं भिंतीकडे सरकली. कोणी नातवाला उचलून नाव दाखवत होतं, कोणी बोट ठेवून फोटो काढून घेत होतं. मिस्टर पिकेट लिंडाचा हात धरून आले. मागे नातू, यादी बघणारा तो. त्याने आजोबांचं नाव आधी शोधलं आणि हाक मारली. आजोबा मात्र वेगळ्याच ओळीकडे गेले. ब्रॅडीच्या नावासमोर उभे राहिले.

“हा आठ वर्षांपूर्वी गेला,” ते मला म्हणाले. “त्याचा घोटा मुरगळला नसता तर मी आत गेलोच नसतो. तेव्हा थँक यू म्हणायचं सुचलं नाही. माझं सगळं लक्ष माझ्या ग्लोव्हकडे.” मग ते आपल्या नावाकडे गेले. नातवाने त्यांचा हात धरून अक्षरांवर ठेवला. त्या मुलाच्या चेहऱ्यावर समजूतदारपणा अजिबात नव्हता, निव्वळ अभिमान होता. मी तन्वीच्या मागे जाऊन डोळे पुसले.

जाताना लिंडाने त्या पानाची प्रत मागितली. मी दुसऱ्याच दिवशी पाठवली, दोन्ही बाजूंची.

वर्षभराने तिची ईमेल आली. तिने लिहिलं होतं: “डॅडना आता माझं नाव रोज आठवतंच असं नाही. तुमचं पान फ्रिजवर लावलंय. रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहतात. परवा त्यांनी विचारलं, हा पिकेट कोण? मी म्हटलं, डॅड, तुम्हीच. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘म्हणजे मी आउट झालो.’ दिवसभर इतके खूश होते की काय सांगू.”

मी त्या ईमेलला उत्तर लिहायला दोन दिवस लावले. एरवी नम्र उत्तरं मला लगेच सुचतात.

आता कोणाचीही चौकशी आली की मी आधी स्टोअररूममध्ये जाऊन मूळ वही काढते. बहुतेक वेळा यादीच बरोबर निघते. दहा मिनिटं फुकट जातात, आणि ती जाऊ द्यावीत.